'डिकोडिंग': विसंकेतन की उकल?

उपग्रह दिशादर्शनावरील मजकुराचे भाषांतर करताना 'एरर करेक्टिंग कोडचे डिकोडिंग' यापाशी अडलो आहे. 'त्रुटी-सुधारक संकेताचे विसंकेतन' असे लिहिले खरे, परंतु त्याच परिच्छेदात सिग्नलही 'संकेत'च झाला आहे. दुसरे काही सुचवावे.

— 'संकेत' येथे तिघांचे ओझे वाहतो आहे: सिग्नल, चुका सुधारणारा कोड आणि प्रत्येक उपग्रहाची ओळख पटवणारा त्याचा स्वतःचा कोड. 'सिग्नल' आणि 'कोड' हे शब्द रुळलेले आहेत, ते तसेच ठेवावेत. 'त्रुटी' मात्र काढावा. हिंदीत त्याचा अर्थ चूक असला, तरी मराठीत तो मुख्यतः उणीव दाखवतो. येथे काही उणे पडत नाही, गोंगाटामुळे 0 चा 1 वाचला जातो, म्हणून 'चूक' पुरे. (चिन्ह वाचताच आले नाही, तर त्या रिकाम्या जागेला 'त्रुटी' शोभेल.)

जीपीएसच्या जुन्या संदेशात 30 बिटांच्या प्रत्येक शब्दात 24 बिटे माहितीची आणि 6 तपासणीची असतात. त्यांच्या आधारे एखादी चूक सुधारताही येते. पण तीच कक्षामाहिती 30 सेकंदांनी पुन्हा येत असल्याने, न जुळलेला शब्द सरळ टाकून देणे रिसीव्हरला परवडते. या तपासणीला 'पडताळणी' म्हणावे.

जीपीएसच्या नव्या एल5 सिग्नलमध्ये किंवा नाविक या भारतीय दिशादर्शन प्रणालीच्या एल5 व एस पट्ट्यांतील सिग्नलमध्ये मात्र माहितीच्या एकेका बिटामागे दोन चिन्हे पाठवली जातात आणि ती त्या बिटावर तसेच आधीच्या सहा बिटांवर अवलंबून असतात, म्हणजे धाग्यांना पीळच दिलेला असतो. अभियंते अँड्र्यू व्हिटर्बी यांनी 1967 साली मांडलेली उकलीची पद्धत कोष्टकात पाहून चिन्हांची बिटे करत नाही. कोणता मूळ क्रम धरला असता हाती आलेली चिन्हे त्याच्याशी सर्वांत जास्त जुळतात, हे ती शोधते. 'विसंकेतन' या शब्दात हा शोध नाही, 'उकल' मध्ये आहे.

— 'उकल' म्हटल्यावर वाचकाला गुप्तलेख आठवणार नाही का?

— आठवेल, म्हणून 'कोडची उकल' असे पूर्ण लिहावे आणि किल्लीने उघडायच्या मजकुरासाठी 'गुप्तलेख वाचणे' राखून ठेवावे. आपले वाक्य असे होईल: 'रिसीव्हर 8 ओळी व 73 स्तंभांत विखुरलेली नाविकची 584 चिन्हे आधी मूळ क्रमाने लावतो, मग कोडची उकल करून 292 बिटे मिळवतो आणि शेवटी त्यांची पडताळणी करतो.'