मदत हवी आहे: लेक फोर्कच्या गवतावर ब्लेडेड जिगला कोणता ट्रेलर लावावा?

नमस्कार मंडळी,

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो. फेब्रुवारी लागला की जमेल त्या शनिवारी पहाटे निघून लेक फोर्क गाठतो, बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) धरतो आणि सोडून देतो. इथे बास फिशिंग करणारी बरीच मराठी मंडळी आहेत, म्हणून एक अगदी नेमका प्रश्न घेऊन आलोय.

ज्यांनी हा तलाव पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पूर्व टेक्ससमधला हा सुमारे २७ हजार एकरांचा जलाशय. १९८० मध्ये पाणी अडवलं, पण आतली झाडं तशीच ठेवली, त्यामुळे अजूनही पाण्यात खोडं उभी दिसतात. टेक्ससचा आजवरचा सर्वांत मोठा लार्जमाउथ बास, १८.१८ पौंडांचा, १९९२ साली इथेच लागला. १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, सोडावाच लागतो.

मी बहुतेक वेळ लिटल केनी क्रीक या तलावाच्या फाट्याच्या बाजूला असतो. तिथे सहा-सात फूट पाण्यात हायड्रिलाचे पट्टे आहेत. (शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगाला बीकरमध्ये फनेलखाली ठेवायचो, तीच हायड्रिला. ती आपल्याकडची, इथे मात्र उपद्रवी म्हणून बंदी असलेली वनस्पती. निघताना बोट आणि बोट वाहून नेणारा गाडा नीट धुऊन निघा.) या दिवसांत गवताचा माथा पृष्ठभागापासून साधारण तीन फूट खाली असतो. पाणी ५४ ते ५८ अंश फॅरनहाइट, किंचित गढूळ, दीड-दोन फूट दिसेल इतकंच. मासे अंडी घालायच्या आधी त्या फाट्याच्या तोंडाशी येऊन थांबलेले असतात.

आमिष म्हणजे अर्ध्या औंसाचं जॅकहॅमर हे ब्लेडेड जिग, ग्रीन पंपकिन रंगाचं. हा प्रकार न वापरलेल्यांसाठी: जड डोकं, मोठा हुक, हुकाभोवती सिलिकॉनच्या झालरीचा स्कर्ट, आणि डोक्यापुढे सैल लटकणारी धातूची षटकोनी पट्टी. ओढलं की पट्टी डावी-उजवीकडे फडफडते, डोक्यावर आपटते आणि थरथर लाइनमधून थेट मुठीत येते. हुकावर मागून जे मऊ प्लास्टिक खोचतात, तोच ट्रेलर. माझं घोडं तिथेच अडलंय.

तीन प्रकार वापरून पाहिले. कायटेकचा स्विंग इम्पॅक्ट फॅट, ३.८ इंची, पॅडलटेलवाला, म्हणजे चपट्या शेपटीचा. यामामोटोचा झाको, म्हणजे कप्पे पाडलेलं बारीक अंग आणि दुभंगलेली शेपटी. तिसरा क्रॉ, खेकड्यासारख्या दोन नांग्यांचा. जिग तेच, रील फिरवायचा वेग तोच. पॅडलटेल लावला की आमिष गवताच्या बरंच वरून जातं, थरथर छान लागते, पण बाइट (माशाने आमिषाला तोंड लावणं) नाही. झाको लावला की ते खाली जातं, गवताला घासतं आणि दर दुसऱ्या फेकीला पट्टीत हिरवी दोरी अडकते. तरी बाइट यावरच येतात! क्रॉवर बाइट येतात आणि सुटतात. नांगीचं टोक तुटून आलेलं दिसतं, मासा नाही.

दुकानात विचारलं की सगळे रंगावर बोलतात. मला रंगाचं नंतर बघता येईल. मला हवंय ते असं: शेपटीच्या आकाराने नेमकं काय बदलतं, माझ्या या गवतासाठी काय निवडू, आणि तुटक्या बाइटचं करायचं काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. ‘जे आवडेल ते लावा’ असं उत्तर इंग्रजी व्हिडिओंमध्ये भरपूर मिळालंय.

— प्लेनोकर

हंट्सव्हिलकर:

प्रश्न फार चांगल्या रीतीने मांडलात, तेव्हा उत्तरही मोकळ्या हाताने देतो. मी अलाबामातल्या गंटर्सविल तलावावर जातो, तिथेही मैलोन्मैल गवत आहे. आधी एक सांगा: रॉड कुठला, लाइन कुठली?

प्लेनोकर:

सात फूट तीन इंच, मीडियम हेवी, ग्रॅफाइट, फास्ट टिप (फक्त टोकाशी वाकणारा). ५० पौंडांची ब्रेडेड (विणलेली) लाइन. रीलचा गिअर रेशो ७.१:१.

हंट्सव्हिलकर:

वाटलंच होतं. त्याकडे शेवटी येतो, कारण तुमचे सुटणारे मासे निम्मे तिथे आहेत.

पट्टीवर पाणी आदळतं, पट्टी डोक्याला हलवते, डोकं मागच्या ट्रेलरला हलवतं. म्हणजे मागे जे काही लोंबतंय ते ब्रेकचं काम करतं. पॅडलटेलची चपटी शेपटी स्वतःच पाणी ढकलते, त्यामुळे डोक्याचा झोका आखूड होतो आणि थरथर घट्ट, एकसारखी लागते. हाताला ती ‘छान’ वाटते ती म्हणूनच. शिवाय ती शेपटी आमिषाला उचलते. झाको किंवा फ्लूकसारखा बारीक ट्रेलर जवळजवळ ब्रेकच लावत नाही. डोकं मोकळं हलतं, आणि मधूनच आमिष सरळ रेघ सोडून बाजूला उडी मारतं. मागे चालत आलेल्या बासला ती उडी सोसवत नाही. जॅकहॅमर घडवण्यात ज्याचा हात होता त्या व्यावसायिक बास फिशिंग करणाऱ्या ब्रेट हाइटनेच झाकोच्या घडणीतही भाग घेतला, तो याच हिशेबाने. क्रॉ मधला आहे: उचल देतो, वेग कमी करू देतो, पण झोका बराच खातो.

आता तुमचं गवत. ट्रेलर बदलून खोली साधायला जाऊ नका, खोली वजनाने साधा. माथा तीन फुटांवर असेल तर झाको तसाच ठेवा आणि जिग ३/८ औंसाचं घ्या. तेवढ्याच वेगाने ते गवताच्या शेंड्यांना नुसतं शिवत जाईल. आमिष गवताला लागलं पाहिजे, रुतलं नाही पाहिजे. अडकलं की रील थांबवून रॉडने छोटा हिसका द्या. गवताचा धागा तुटून पट्टी पुन्हा चालू होते त्या क्षणाला हात सावध ठेवा, माझे मोठे मासे तिथेच लागतात. अर्ध्या औंसाचं जिग आणि पॅडलटेल ही जोडी उन्हाळ्याच्या तोंडाला काढा, पाणी ६५च्या वर गेलं आणि मासे पाठलाग करायला लागले की.

ह्यूस्टनवाला:

वरचं बहुतेक पटतं, पण क्रॉला इतक्या लवकर बाजूला सारू नका. मी पूर्व टेक्ससमधल्या सॅम रेबर्न तलावावर जातो. फेब्रुवारीत पाऊस पडून पाणी गढूळ झालं आणि तापमान पन्नाशीत असलं की मला आमिष हळू चालवायचं असतं, आणि हळू चालवूनही वर ठेवायचं असतं. झाको हळू केला की तळाला जातो. तिथे क्रॉच हवा. रंगाला तुम्ही नंतरचा नंबर दिलाय, पण पूर्व टेक्ससमध्ये या महिन्यात लाल-केशरी रंगाला वेगळं वजन आहे. बास क्रॉफिश (नांग्यांचे, झिंग्यासारखे प्राणी) खात असतात आणि रेबर्नवर लालशिवाय पान हलत नाही. जिग ग्रीन पंपकिन ठेवा, ट्रेलर लालसर घ्या, एवढ्यानेही फरक पडतो.

नांग्या तुटून येतात त्यावर उपाय: क्रॉ डोक्याकडून कापा. पाऊण-एक इंच तुकडा काढून टाकला की नांग्या हुकाच्या वळणाजवळ येतात. शेपटीकडून कापू नका, चाल तिथेच असते. हेच पॅडलटेललाही चालतं.

हंट्सव्हिलकर:

गढूळ आणि थंड पाण्यात क्रॉ, हे मान्य. पण प्लेनोकरांना दीड-दोन फूट दिसतंय आणि बाइट झाकोवर येताहेत. मासे जे सांगताहेत ते आधी ऐकावं असं माझं मत.

रॉडबद्दल: ब्लेडेड जिगवर बास आमिष तोंडात ओढून घेतो. फास्ट टिपचा ग्रॅफाइट रॉड आणि अजिबात न ताणली जाणारी ब्रेडेड लाइन यांमुळे थरथर थांबल्याबरोबर तुम्ही खेचता, आणि आमिष तोंडाच्या बाहेर येतं. हाती उरते तुटकी नांगी. फायबरग्लास मिसळलेला, मध्यापर्यंत वाकणारा रॉड घ्या आणि १७ किंवा २० पौंडांची फ्लुरोकार्बन लाइन. नवा रॉड लगेच घ्यायचा नसेल तर निदान लाइन बदला, आणि बाइट आल्यावर हिसका न देता रील फिरवत राहा. रॉड जड झाला की मग बाजूने ओढा. अगदी दाट गवतात ब्रेडेड लागते, पण तुमचं गवत तीन फूट खाली आहे.

मिशिगनकाठ:

ट्रेलर बसवायच्या पद्धतीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. चांगला ट्रेलर वाकडा बसला तर वाया जातो.

झाको हुकाशेजारी धरा, नाक जिगच्या डोक्याला टेकवून. हुकाचं वळण जिथे येतं तिथे नखाने खूण करा. मग नाकाच्या बरोबर मधोमध टोक घाला, सरळ रेषेत पुढे न्या आणि खुणेवर वर काढा. नाक वर सरकवताना स्कर्टच्या झालरी बाजूला धरा, दोन झालरी जरी खाली चिमटल्या तरी जिग एका अंगाला कलतं. कीपरच्या (ट्रेलर धरून ठेवणाऱ्या) काट्यावर सुपरग्लूचा थेंब टाकून दाबलं की दिवसभर हलत नाही. पहिल्या फेकीआधी बोटीशेजारी हातभर लाइनवर ओढून बघा. एका बाजूला पळत असेल तर काढून पुन्हा बसवा, ‘चालेल’ म्हणू नका.

दुसरं, झी-मॅन कंपनीचे इलाझटेक या पदार्थाचे ट्रेलर घेतलेत तर (रेझर शॅड्झ बारीक आहे, झाकोच्या जागी चालेल) ते इतर प्लास्टिकबरोबर एका डब्यात ठेवू नका. दोन्ही वितळून चिकटतात. त्या पदार्थाचा गुण असा की तो तरंगतो आणि सहजासहजी फाटत नाही. कायटेक मऊ, दोन-तीन माशांत फाटतो. तरंगणारा ट्रेलर मागची बाजू थोडी उचलून धरतो, गवतावर त्याचा उपयोग होतो. बाकीचे ट्रेलर पाकिटातल्या साच्यातच सपाट ठेवा. टेक्ससच्या उन्हात गाडीत राहिले तर शेपट्या वाकतात. वाकलेल्या गरम पाण्यात बुडवून सरळ होतात, पण इलाझटेकला हा उपाय करू नका.

प्लेनोकर:

सर्वांचे मनापासून आभार, इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. ३/८ औंसाची दोन जिग मागवली, एक ग्रीन पंपकिन, एक काळं-निळं. लाइन १७ पौंडांची फ्लुरोकार्बन भरतोय. झाको मुख्य ठेवतो, पाऊस पडून पाणी गढुळलं तर लालसर क्रॉ, डोक्याकडून कापून. एकच शंका राहिली: तुटक्या बाइटसाठी मागे जास्तीचा ट्रेलर हुक लावावा का? स्पिनरबेटला (फिरत्या पात्यांच्या आमिषाला) लावतात तसा?

ह्यूस्टनवाला:

उघड्या पाण्यात, खडकाळ बांधाशेजारी लावा. मे महिन्यात शॅड मासे भल्या पहाटे बांधाच्या दगडांवर अंडी घालतात, तेव्हा पांढरं जिग, पांढरा ट्रेलर आणि मागे जास्तीचा हुक हे फार चालतं. हायड्रिलावर नको. दर फेकीला गवत घेऊन येईल आणि झोकाही मारेल.

हंट्सव्हिलकर:

+१. आणि फ्लुरोकार्बनवर गाठ मारताना ओली करून घट्ट करा, कोरडी ओढली तर लाइन तिथेच कमजोर होते. गवतातून हिसके द्यायचे आहेत, तेव्हा दर तासाला शेवटचा हातभर भाग बोटांतून फिरवून बघा, खरखरीत लागला की कापून नवी गाठ.