ठिपके गेले म्हणजे आजार गेला असे नव्हे
घरच्या टाकीतल्या माशांच्या अंगावरचे पांढरे ठिपके तीन दिवसांत गेले म्हणून औषध थांबवले आणि आठवड्याभरात ते पुन्हा उमटले, त्यामुळे औषधच निकामी असावे, असे मासे पाळणाऱ्या एकाने म्हटले आहे. मला दोष औषधाचा वाटत नाही. ‘इक’ हा परजीवी माशाच्या त्वचेत, मिठाच्या कणाएवढ्या ठिपक्यात असतो, तोवर औषधाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. पूर्ण वाढल्यावर तो गळून तळाच्या वाळूत कोश करतो, त्यातून शेकडो सूक्ष्म जीव बाहेर पडतात आणि नवा मासा शोधत पोहणारे हे जीवच काय ते औषधाने मरतात. म्हणून शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही किमान आठवडाभर उपचार चालू ठेवावेत. फिल्टरमधला कोळसा औषध शोषून घेतो, तो आधी काढावा. पाणी हळूहळू २८ ते ३० अंशांपर्यंत नेल्यास हे चक्र लवकर पूर्ण होते. मात्र गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा हवेचा पंप अखंड चालू हवा. माझ्या टाकीत ठिपके उमटण्याच्या दोन दिवस आधीपासून मासे दगडांना अंग घासत होते आणि मला ते खेळणे वाटले, याची आजही खंत आहे. नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा, त्याची जाळीही वेगळीच असावी.