मुंबई ते न्यूयॉर्क नेमके किती तास? तिकिटावर तर सहाच दिसायलेत

उदगीरकर:
मंडळी, आईबाबा पहिल्यांदाच ताईकडं अमेरिकेला चाललेत जूनमध्ये. डायरेक्ट फ्लाइट आहे, मुंबईहून रात्री 1.30 ला निघून त्याच दिवशी सकाळी 7.30 ला न्यूयॉर्क. बाबा म्हणायलेत सहा तासात अमेरिका येती तर लातूरहून मुंबईला आख्खी रात्र काहून लागती 😄 अन् येतानाचं बघितलं तर सकाळी 11 ला निघून दुसऱ्या दिवशी 10.30 ला मुंबईत, म्हणजे साडेतेवीस तास! अंतर तर तेवढंच ना?

मोसंबीवाला:
दोन्ही टाइम त्या त्या गावचे असतात भाऊ. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं असतं, थंडीत साडेदहा. जाताना 6 मध्ये साडेनऊ मिळवा, साडेपंधरा तास झाले. येताना साडेतेवीसमधून साडेनऊ काढा, 14.
अंतर सरळ धरलं तर साधारण 12,500 किमी. सरळ म्हणजे भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून नाही, पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तो पार उत्तरेकडून वर चढून जातो. प्रत्यक्षात विमान त्याच्यापेक्षा जास्तच फिरतं, कुठं युद्ध कुठं हद्द बंद. पाकिस्ताननं एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना मधीच युरोपात तेलासाठी उतरावं लागलं.

उदगीरकर:
ते कळलं, पण तरी जाताना दीड तास जास्त का? पृथ्वी फिरती म्हणून का?

वैजापूरचा_पोऱ्या:
नाही हो, हवा पण पृथ्वीसंगंच फिरते. खरा खेळ जेट स्ट्रीमचा, दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरात वाहणारा वारा, थंडीत तर कधी ताशी 200 च्याही वर. अमेरिकेला जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. 2016 मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडं वारा पाठीशी घेऊन नेलं, रस्ता हजार-दीड हजार किमीनं लांब, तरी साडेचौदा तासात पोचलं, म्हणजे आधीपेक्षा लवकर. किमी मोजून वेळ काढायचा तो एसटीचा.

औशाची_ताई:
हे सगळं राहू द्या, तारीख नीट बघा आधी. 15 तारखेचं रात्री 1.30 म्हणजे 14 ला रात्री दहाच्या आत एअरपोर्टवर. लातूर एक्सप्रेसनं जाणार असतील तर 13 च्या रात्री बसवा, 14 ला दिवसभर नातेवाइकाकडं आराम. लय लोक इथंच फसतात.

उदगीरकर:
बापरे ताई, मी 14 च्या रात्रीचंच रिझर्वेशन बघायलो होतो. बदलतो.