शीतयुद्ध : थंड, गार की कोरडे?

नववीतल्या भाचीने परवा अभ्यास करता करता विचारले, "मावशी, शीतयुद्ध म्हणजे ज्यात लढाई झालीच नाही असे युद्ध ना?" वहीत व्याख्याही जवळपास तशीच होती. मी हातातल्या कामाच्या नादात 'हो' म्हणून मोकळी झाले. रात्री ते 'हो' बोचू लागले. १९५० ते १९५३ या तीन वर्षांत कोरियात लाखो माणसे मेली. वॉशिंग्टनमधल्या काळ्या दगडी भिंतीवर व्हिएतनाममध्ये पडलेल्या अमेरिकनांची ५८ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत, आणि त्या युद्धात मेलेले व्हिएतनामी त्याच्या कितीतरी पट. १९८९ साली सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून परतल्या तोवर त्यांचे सुमारे १५ हजार जवान गेले होते. अफगाण किती गेले ते विचारूच नये. आणि अमेरिका-सोव्हिएत युनियन झगड्यातल्या या सगळ्याला आपण 'शीत' म्हणतो.

म्हणून ही चर्चा. शब्द चुकीचा आहे असे मी म्हणत नाही, तो आता रुळला आहे. पण मराठी कानाला 'शीत' काय सांगतो आणि मुळातल्या शब्दाला काय सांगायचे होते, यात मला अंतर दिसते.

आधी मूळ. ऑक्टोबर १९४५ मध्ये, हिरोशिमानंतर अडीच महिन्यांच्या आत, इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी अणुबॉम्बवरच्या लेखात 'कोल्ड वॉर' हा शब्दप्रयोग केला. ज्याच्याकडे बॉम्ब आहे त्या राष्ट्राला जिंकता येणार नाही, आणि ते शेजाऱ्यांशी कायमचे 'थंड युद्ध' करत राहील, असा त्यांचा अंदाज होता. एप्रिल १९४७ मध्ये अमेरिकी अध्यक्षांचे सल्लागार राहिलेले बर्नार्ड बारूख यांनी दक्षिण कॅरोलायनातल्या भाषणात अमेरिका-रशिया संबंधांना तो लावला, आणि त्याच वर्षी वॉल्टर लिपमन या पत्रकाराच्या लेखनामुळे तो सगळीकडे पोचला. रशियनांनीही तो शब्दशः घेतला, 'खलोदनाया वायना'. आपण संस्कृतातून 'शीतयुद्ध' केले.

आता मराठी कान. थंड प्रदेशातल्या भाषांत थंडी म्हणजे माया आटणे. आपल्याकडे ऊन भाजते, त्यामुळे गारव्याला आपण सुखाच्या बाजूला बसवले आहे. डोळे निवतात, जीव थंडावतो, 'डोकं थंड ठेव' हा वडीलधाऱ्यांचा सल्ला असतो. शीतल चांदणे, शीतपेय, शीतगृह यांत भीतीचा मागमूस नाही. माया आटली हे सांगायला मराठीत गारठा येत नाही, कोरडेपणा येतो. ती माझ्याशी कोरडे बोलली, स्वागत कोरडेच झाले. उलट मायेला आपण ओलावा म्हणतो. म्हणजे इंग्रजीत संबंध थंड होतात, मराठीत ते सुकतात. हा शब्द मराठी माणसाने स्वतः घडवला असता तर कदाचित 'कोरडे युद्ध' म्हटले असते. कोरडा म्हणजे आसूडही, आणि ज्या गावांवर तो पडला त्यांना तो जाणवला.

शब्द बदला असे माझे म्हणणे नाही. शिकवताना हे अंतर सांगावे का, आणि सांगायचे तर कसे, यावर मते हवी आहेत.

शीत नव्हे, कोमट

तुमचा मुद्दा पटला. भर म्हणून सांगतो. चौदाव्या शतकातले स्पॅनिश लेखक दोन हुआन मानुएल यांनी ख्रिस्ती आणि मुसलमान राज्यांतल्या झगड्याबद्दल लिहिताना अशाच युद्धाचे वर्णन केले होते. तापलेले युद्ध मरणाने किंवा तहाने संपते; दुसऱ्या प्रकारचे धड शांतता देत नाही आणि लढणाऱ्याला मानही देत नाही. गंमत अशी की त्यांनी वापरलेला शब्द 'कोमट' या अर्थाचा होता, तो पुढे छापताना 'थंड' झाला. मला मूळचा कोमटच जास्त नेमका वाटतो. कोमट पाणी पुन्हा उकळायला वेळ लागत नाही. १९४७ ते १९९१ या काळात बर्लिन, क्युबा, पश्चिम आशिया असे किती वेळा ते उकळीला आले पाहा.

दोन पक्षांची नावे

'शीत'पेक्षा मला अस्वस्थ करते ती दुसरी जोडी. शाळेपासून आपण वाचतो : एका बाजूला भांडवलशाही, दुसऱ्या बाजूला साम्यवाद. एकाला 'शाही', दुसऱ्याला 'वाद'. हिंदीत पूंजीवाद आणि साम्यवाद, दोघांना एकच प्रत्यय. मराठीत तराजू आधीच कललेला आहे.

'शाही' म्हटले की आपल्या कानात आदिलशाही, निजामशाही, हुकूमशाही वाजतात. लोकशाही हा त्यातला सन्माननीय अपवाद. म्हणजे भांडवलशाही हा शब्द ऐकताच कोणीतरी गादीवर बसलेला दिसतो. 'वाद' मात्र विचार वाटतो, मांडता-खोडता येईल असा. प्रत्यक्षात १९४५ नंतरच्या जगात दोन्हीकडे विचारही होता आणि गादीही. १९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये आणि १९६८ मध्ये प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा 'वाद' घालायला कोणी आले नव्हते.

भांडवल हा आपला रोजच्या वापरातला शब्द. दुकान टाकायला भांडवल लागते. पण 'एखाद्याच्या दुःखाचे भांडवल करणे' हा वाक्प्रचारही त्यातूनच आला, आणि 'भांडवलदार' म्हटले की जहागीरदाराच्या रांगेतला माणूस उभा राहतो. मुंबईच्या गिरणगावाने या शब्दांना धार दिली. १९२८ च्या संपातून उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन लोकांच्या तोंडी 'लाल बावटा' होती. तिथे 'साम्यवादी' असे भाषणापुरतेच कोणी म्हणत असेल. लोक कम्युनिस्ट म्हणत, नाहीतर लाल बावटेवाले. अण्णाभाऊ साठ्यांनी चाळीसच्या दशकात स्टालिनग्राडवर पोवाडा रचला आणि १९६१ मध्ये ते रशिया पाहून आले. त्या माणसांसाठी ही जोडी पुस्तकातली नव्हती.

'साम्य' हा शब्दही थोडा फसवा आहे. 'दोघांच्या चेहऱ्यात साम्य आहे' असे आपण म्हणतो. समान वाटा मिळणे याला मराठीत समता म्हणतात. आणखी एक : सोव्हिएत नेते आपल्या देशाला साम्यवादी म्हणत नसत, समाजवादी म्हणत. साम्यवाद हा पुढचा मुक्काम होता. त्यांच्या कम्युनिस्ट पक्षाच्या १९६१ च्या कार्यक्रमात तो वीस वर्षांत गाठण्याचे वचन होते. त्यामुळे 'साम्यवादी राष्ट्रे' हे आपण पक्षाच्या नावावरून ठेवलेले नाव आहे.

पोलादी पडदा

हा अनुवाद मात्र मूळापेक्षा सरस उतरला आहे असे माझे मत. ५ मार्च १९४६ रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात फुल्टन गावी ब्रिटनचे माजी पंतप्रधान चर्चिल म्हणाले की बाल्टिकवरच्या स्टेटिनपासून एड्रियाटिकवरच्या ट्रिएस्टपर्यंत युरोपावर लोखंडी पडदा उतरला आहे. लोखंडी पडदा ही युरोपातल्या नाट्यगृहांत खरीखुरी वस्तू होती. रंगमंचावर आग लागली तर प्रेक्षकांना वाचवायला तो खाली सोडत. त्यांच्या श्रोत्यांना ते चित्र दिसले असेल, आपल्याला दिसणे शक्य नव्हते. मराठीत लोखंडी म्हटले की कपाट, तवा, पलंग. म्हणून कोणीतरी शहाण्या माणसाने लोखंडाचे पोलाद केले. थॅचरबाईंनाही सोव्हिएत लष्कराच्या वृत्तपत्राने १९७६ मध्ये दिलेले विशेषण लोखंडाचेच होते. आपण त्यांना पोलादी स्त्री म्हणतो. योगायोग असा की स्टालिन या टोपणनावाच्या मुळाशी रशियन भाषेतले पोलादच आहे.

अलिप्त कोण होते?

अलिप्ततावाद, म्हणजे दोन्हीपैकी कोणत्याच गटात न जाण्याचे धोरण, या शब्दाबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून मी लिहिते. हा शब्द मला पटत नाही आणि कधी पटला नाही. अलिप्त म्हणजे ज्याला काही चिकटत नाही तो, पाण्यातल्या कमळाच्या पानासारखा. संसारातून मन काढून घेतलेल्या माणसाला आपण अलिप्त म्हणतो. सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला जमलेल्या २५ देशांपैकी कोणाचे मन जगातून उठले होते? कोरियात युद्ध थांबल्यावर मायदेशी परतायला तयार नसलेल्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय जवानांनी घेतला आणि त्यासाठीच्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्यांकडे होते. याला अलिप्तपणा कसा म्हणायचा? हिंदीतला गुटनिरपेक्ष बरा, आणि मराठीत गटनिरपेक्ष सहज होतो. मी तोच वापरते.

शब्दामुळे समज कशी वाकडी होते याचे गोव्यापेक्षा जवळचे उदाहरण नाही. गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता, आणि पोर्तुगाल नाटोचा, म्हणजे अमेरिकेच्या बाजूच्या लष्करी संघटनेचा, संस्थापक सदस्य. १८ डिसेंबर १९६१ ला, भारतीय सैन्य गोव्यात शिरलेले असताना, भारताने माघार घ्यावी असा ठराव सुरक्षा परिषदेत आला. बाजूने सात मते पडली, विरोधात चार. ठराव पडला तो सोव्हिएत युनियनच्या नकाराधिकारामुळे. माझ्या आजोळच्या माणसांनी पुढे आयुष्यभर रशियाबद्दल वाईट शब्द ऐकून घेतला नाही, त्याचे कारण हे. शीतयुद्ध आपल्यापासून लांब कुठेतरी झाले असे ज्यांना वाटते त्यांनी पणजीत ज्येष्ठांशी बोलावे.

(नकाराधिकार हा शब्द मात्र फार सुंदर आहे. लॅटिनमध्ये नुसते 'मी मनाई करतो', मराठीत नकार हाच अधिकार.)

वृत्तपत्रांतले शीतयुद्ध

एक साधा प्रश्न. 'मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांत शीतयुद्ध', 'सासू-सुनेतले शीतयुद्ध' हे बरोबर आहे का?

उत्तर : मूळ चर्चाकर्तीकडून

सर्वांचे आभार. आधी शेवटचा प्रश्न.

चिनी भाषेतही नवरा-बायकोच्या न बोलण्याला सर्रास हाच शब्द वापरतात, तेव्हा ही ओढ फक्त आपली नाही. पण आपल्याकडे त्यासाठी आधीपासून नेमके शब्द आहेत. बोलणे बंद असेल तर अबोला. आतल्या आत चालले असेल तर धुसफूस. एकमेकांना खाली खेचणे असेल तर कुरघोडी, चालीला चाल असेल तर शह-काटशह. इतकी श्रीमंती असताना 'शीतयुद्ध' कशाला खर्च करायचे? मी तो तेव्हाच वापरीन जेव्हा दोघांकडे एकमेकांना संपवण्याची ताकद असेल, म्हणूनच दोघे थेट भिडत नसतील, आणि मार तिसरा खात असेल. सासू-सुनेत तिसरी बाई किंवा पोरगा होरपळत असेल तर मग हरकत नाही.

थेट न भिडण्यात शब्दांचा केवढा वाटा होता, यासाठी क्युबाचे उदाहरण द्यावेसे वाटते. २२ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्युबाकडे जाणारी सोव्हिएत शस्त्रे समुद्रात अडवण्याची घोषणा केली. मराठीत आपण याला सरळ नाकेबंदी म्हणतो. त्यांनी मात्र तो शब्द टाळला, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धाची कृती ठरते. ते 'क्वारंटाइन' म्हणाले, म्हणजे करोनाने आपल्याला शिकवलेले विलगीकरण. जहाजे तीच, तोफा त्याच. नावामुळे सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह यांना मागे सरायला जागा राहिली. त्या तेरा दिवसांना अमेरिकन 'क्युबाचा क्षेपणास्त्र पेच' म्हणतात, रशियन 'कॅरिबियन पेच', आणि ज्यांच्या डोक्यावर हे चालले होते ते क्युबन लोक नुसते 'ऑक्टोबरचा पेच'. मराठीने अमेरिकन नाव घेतले. विद्यार्थ्यांना तिन्ही नावे सांगावीत.

'कोमट'बद्दलची माहिती मला नवी होती, आणि फार आवडली. भांडवलशाही-साम्यवादाच्या प्रत्ययांबद्दल इतकी वर्षे वाचूनही माझ्या लक्षात आले नव्हते. 'अलिप्त'बद्दल थोडा मतभेद आहे : १९७१ च्या ऑगस्टमध्ये भारत-सोव्हिएत करार झाल्यावर 'गटनिरपेक्ष'ही ताणलाच गेला. पण दोन्हींत तो बरा, हे मान्य.

परक्याच्या भूमीवरचे युद्ध

एक राहिले. कोरिया, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान इथल्या, इंग्रजीत 'प्रॉक्सी वॉर' म्हणतात त्या युद्धांना मराठीत काय म्हणावे? 'छुपे युद्ध' हा शब्द काश्मीरच्या बातम्यांतून आला आहे, पण कोरियात लपवण्यासारखे काय होते? 'छद्मयुद्ध' म्हणजे सोंग घेतलेले. 'परोक्ष युद्ध' अर्थाने बरा, पण बोलताना जिभेवर येत नाही.

उत्तर

यासाठी नाम शोधत बसण्याची गरज नाही, मराठीत क्रिया तयार आहे : दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडणे. अंगोलात १९७५ नंतर हेच झाले. एका गटामागे मॉस्को आणि क्युबाचे सैन्य, दुसऱ्यामागे अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका, खांदा अंगोलाचा. तिथले यादवी युद्ध २००२ पर्यंत चालले, म्हणजे सोव्हिएत युनियन विसर्जित होऊन दहा वर्षे उलटल्यावरही. आपल्याकडे 'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' म्हणतात. इथे तिसऱ्याच्या वाट्याला काय आले ते अंगोलातल्या पेरलेल्या सुरुंगांवरून कळते. ते काढण्याचे काम अजून चालू आहे.

माझ्या भाचीच्या वहीतली व्याख्या काल आम्ही दोघींनी मिळून पुन्हा लिहिली. "दोन महासत्तांनी एकमेकींवर थेट गोळी न झाडता, अण्वस्त्रांचा धाक दाखवत आणि दुसऱ्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवून चाळीसहून अधिक वर्षे केलेले युद्ध." परीक्षेत गुण मिळतील का, असे तिने विचारले. बाईंना दाखवून ये, म्हणाले.