बालवाडीतल्या शिक्षिकांचं प्रशिक्षण: वर्गात दिव्यांग मुलं आहेत, सुरुवात कुठून करायची?

बालवाडी_रामबाग

नमस्कार मंडळी. इंदुरातली छोटी मराठी बालवाडी आहे. मुलं ४२, वय अडीच ते सहा. शिक्षिका चार, मदतनीस एक. यंदा वर्गात तीन मुलं अशी आहेत:

– डाउन सिंड्रोम असलेली चार वर्षांची मुलगी. चालते, शब्द मोजके, हात धुणं-डबा खाणं सगळं आपण करून द्यावं लागतं.
– सेरेब्रल पाल्सी असलेला पाच वर्षांचा मुलगा. आधार दिला तर बसतो, उजवा हात कडक, मूठ मिटलेली.
– साडेतीन वर्षांचा मुलगा. हाक मारली तर वळत नाही, बोलत नाही. तपासणी काहीच झालेली नाही. "मुलगे उशिराच बोलतात" असं घरचे म्हणतात. घरी मराठी, गल्लीत हिंदी.

प्रशिक्षणासाठी वर्षाला पंधरा हजार बाजूला काढले आहेत. दोघी शिक्षिका इंग्रजी वाचतात, बाकीच्यांना हिंदी-मराठीच बरं. एक दिवसाची कार्यशाळा घ्यावी असं समितीचं म्हणणं आहे. ती घ्यावी का? फुकट किंवा स्वस्त, पण खरोखर उपयोगी काय आहे? आणि ऑनलाइन सर्टिफिकेटला काही किंमत आहे का?

नवलखा

आधी सर्टिफिकेटचं, कारण फसगत तिथेच होते. आपल्याकडे "विशेष शिक्षक" म्हणून काम करायचं तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि त्यांच्या नोंदवहीतला सीआरआर क्रमांक, म्हणजे नोंदणी क्रमांक, लागतो. कायदा १९९२ चा आहे. चार आठवड्यांचा किंवा चाळीस तासांचा कुठलाही ऑनलाइन कोर्स ती जागा घेत नाही, मग त्यावर सोनेरी शिक्का असो वा नसो. कोणी नियमित पदविकेला जाणार असेल तर त्या संस्थेची त्या वर्षाची मान्यता आरसीआयच्या संकेतस्थळावर पाहूनच फी भरा. मात्र बालवाडीच्या शिक्षिकेला सगळ्या मुलांना शिकवायला सीआरआर लागत नाही. तुम्हाला सर्टिफिकेट नको आहे, हातातलं कसब हवं आहे.

कार्यशाळा घेऊ नका. निदान आधी तरी नको. सहा तासांत ऑटिझमपासून ब्रेलपर्यंत सगळं सांगितलं जातं, वहीत उतरतं, आणि सोमवारी वर्ग जसाच्या तसा चालतो. सांगितलेलं चुकीचं नसतं. पण आपल्या वर्गात, आपल्या मुलावर करताना पाहणारं कोणी नसतं, म्हणून ते टिकत नाही. तेच पैसे महिन्यातून एकदा दोन तास वर्गात कोपऱ्यात बसून पाहणाऱ्या नोंदणीकृत विशेष शिक्षिकेच्या मानधनावर घाला. भाषण नाही, फक्त पाहणं आणि नंतर अर्धा तास बोलणं.

वाचायला-पाहायला काय:

इंग्रजीवाल्या दोघींसाठी दोन जागा पुरेत. एक, अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचं आयरिस सेंटर. मॉड्यूल फुकट, पाहायला नोंदणीसुद्धा लागत नाही. सर्टिफिकेटला पैसे पडतात, ते घेऊ नका. दुसरं, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं अफर्म. नाव ऑटिझमचं असलं तरी प्रॉम्प्ट देणं (म्हणजे गरजेपुरता इशारा किंवा मदत), चित्रांचा आधार, कामाचे तुकडे करणं या पद्धती तुमच्या डाउन सिंड्रोमच्या मुलीलाही तितक्याच लागू पडतात. दर पद्धतीचे तीन टप्पे: आखणी, वापर, नोंद. शेवटी छापायची पडताळणी यादी मिळते. खरं सोनं ती यादीच. दोघींनी मिळून एका पद्धतीची यादी मराठीत उतरवायची आणि भिंतीला लावायची. एका महिन्यात एकच. सगळी मॉड्यूल संपवायच्या मागे लागलात तर पुन्हा कार्यशाळाच झाली.

हिंदीसाठी: केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचे २०२४ चे दोन आराखडे. जन्म ते तीन वर्षांसाठी नवचेतना, तीन ते सहासाठी आधारशिला. पहिल्यात ३६ महिन्यांचं कॅलेंडर आणि १४० कृती आहेत, दुसऱ्यात ४८ आठवडे. तुमच्या मुलीचं वय चार असलं तरी काही बाबतींत तिला नवचेतनातल्याच कृती लागतील. त्यात कमीपणा काही नाही. बौद्धिक अक्षमतेसाठी मराठीत हवं असेल तर मुंबईच्या जय वकील फाउंडेशनचा दिशा अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या विशेष शाळांत चालतो, तो पाहा.

आता प्रत्यक्ष. त्या मुलीचं हात धुणं घ्या. तुकडे पाडा: नळाशी जाणं, नळ उघडणं, हात ओले करणं, साबण, चोळणं, धुणं, नळ बंद करणं, पुसणं. आठ. शिकवायचं शेवटून. पहिले सात तुम्ही तिच्या हातांनी करून घ्यायचे, पुसणं तिचं तिने. ते जमलं की नळ बंद करणंही तिचं. काम "झालं" हा आनंद रोज तिच्याच हातून मिळतो, म्हणून शेवटून.

हात धरायचा तर मागे उभं राहून. समोरून धरला तर तिला सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं आणि ती हाताऐवजी तुमच्या तोंडाकडे पाहते. सूचना एकदाच. मग मनात पाचपर्यंत मोजा. डाउन सिंड्रोमच्या मुलांना ऐकलेलं पोचायला वेळ लागतो. आपण दोन सेकंदांत पुन्हा बोलतो आणि तिची गाडी पहिल्या स्टेशनवर परत जाते. "बेटा कर ना, कर ना, शाब्बास, कर" हा जप सगळ्यात आधी बंद करा.

कानगोष्ट

तिसऱ्या मुलाबद्दल. प्रशिक्षण नंतर, आधी कान.

थाळी वाजवून पाहिली, दचकला, म्हणजे ऐकू येतं, असं धरू नका. थाळीची हालचाल दिसते, जमिनीतून कंप जाणवतो. शिवाय जाड आवाज ऐकू येणाऱ्या पण स, श, फ न येणाऱ्या मुलाला बोलणं नुसतं गुणगुणल्यासारखं लागतं. टीव्हीवरच्या जाहिरातीला धावतो आणि नावाला वळत नाही, तरीही तपासणी हवीच. ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद) आणि बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का) या दोन तपासण्या मागा. बेरा मूल झोपलेलं असताना होते, म्हणून आदल्या रात्री उशिरा निजवायला सांगतात. कान ठीक निघाले तर विकासाची तपासणी, ऑटिझम धरून. दोन्हींसाठी एकदमच नंबर लावा.

घरच्यांशी बोलताना निदानाचा शब्द तोंडातून काढायचा नाही. तो आपला अधिकार नाही. जे दिसलं ते सांगा: "पंधरा दिवसांत रोज पाच वेळा हाक मारली, इतक्या वेळा वळला." हे वाक्य "मुलगे उशिराच बोलतात"ला पुरून उरतं.

शिक्षिकांना वाढीचे टप्पे शिकवायला अमेरिकेच्या सीडीसीची (तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेची) यादी लोक सर्रास वापरतात. चित्रं-व्हिडिओ छान आहेत, पण २०२२ च्या सुधारणेनंतर तिच्यात ७५ टक्के मुलं जे करतात ते घेतलं आहे आणि सुमारे पन्नास शब्दांचा टप्पा तीस महिन्यांवर आहे. आम्ही वाचा-उपचारवाले चोवीस महिन्यांनाच पन्नास शब्द नसतील, दोन शब्द जोडत नसेल, तर बोलावून घेतो. शब्द मराठी-हिंदी मिळून मोजा. "पाणी" घरी आणि "बॉल" गल्लीत, म्हणजे दोन. आणि कृपा करून "घरी फक्त हिंदी बोला" असं आईला सांगू नका. दोन भाषांमुळे वाचा अडत नाही. आजीची भाषा तोडली की मुलाशी घरात बोलणाराच एक माणूस कमी होतो.

चाळणीसाठी त्रिवेंद्रमचा टीडीएससी हा विकासाचा तक्ता शिकून घ्या, शून्य ते सहा वर्षांसाठी ५१ बाबी, प्रत्येक बाबीला वयाची एक आडवी पट्टी. मुलाच्या वयावर उभी रेघ मारायची. रेघेच्या पूर्ण डावीकडे संपलेल्या पट्टीतली एकही गोष्ट जमत नसेल तर पुढे पाठवायचं. अर्ध्या दिवसात चौघी शिकतील. पण ही चाळणी आहे, निदान नाही.

तपासणी होईपर्यंत हात बांधून बसायचं नाही. बोलण्याला आधार म्हणून चित्रांचा तक्ता करा. ए-फोर कागदावर बारा चौकोन, प्रत्येकी सहा-सात सेंटिमीटर: हवं, नको, अजून, संपलं, मदत, उघड, दे, थांब, चल, पाणी, शू, मी. खाली मराठी-हिंदी दोन्ही, चित्र एकच. खजुरी बाजारात लॅमिनेट करून घ्या, पण चकचकीत नको, मॅट. ट्यूबलाइट चमकली की चित्र दिसत नाही. डब्याच्या वेळी शिक्षिकेने स्वतः बोलताना त्या चित्राला बोट लावायचं: "अजून पोहे." त्याच्याकडून करून घ्यायचं नाही, "बोट लाव मग देते" तर मुळीच नाही. महिनाभर तो नुसता पाहील, पाहू द्या. चित्रांचा तक्ता फसतो तो बहुतेक एकाच कारणाने: कपाटात जातो.

पाट_आणि_उशी

दुसऱ्या मुलाबद्दल. बसणं नीट झाल्याशिवाय त्याला काहीही शिकवता येणार नाही. सगळी ताकद पडू नये यातच जाते.

खुर्चीची उंची: गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंत. खोली: ढुंगणामागून त्या खळगीपर्यंत, वजा दोन बोटं. पाय लोंबकळले तर खाली पाट. टेबल कोपराच्या उंचीला किंवा दोन-तीन सेंटिमीटर वर. पट्टा पोटावर बांधतात ते चूक. मांडीच्या मुळाशी, तिरका खाली-मागे ओढलेला हवा, नाहीतर मूल पुढे घसरतं आणि पट्टा छातीवर चढतो. वीस-तीस मिनिटांनी जागा बदला.

मिटलेली मूठ बोटं ओढून उघडू नका, आणखी आवळते. मनगट आधी तळव्याच्या बाजूला हळू वाकवा, बोटं आपोआप सैल होतात. मग अंगठा मुळापासून बाहेर. उजव्या हाताला कागद दाबून धरण्याचं काम रोज द्या. हे सगळं त्याच्या फिजिओला किंवा ओटीला (ऑक्युपेशनल थेरपिस्टला) एकदा विचारून. प्रत्येक मुलाचा कडकपणा वेगळा.

खाणं: ताठ बसून, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून खालच्या बाजूने. वरून आणला की मान मागे जाते आणि घास श्वासनलिकेकडे. उथळ चमचा, अर्धाच भरलेला. पातळ वरणापेक्षा घट्ट खिचडी सुरक्षित. इंदुरी पोहे-शेव डब्यात नको, तोंडात पसरते आणि गोळा होत नाही. खाताना खोकला, नंतर आवाज ओला, वारंवार छाती भरणं, यातलं काही दिसलं तर गिळण्याची तपासणी.

आकडी आली तर: कुशीवर, डोक्याखाली मऊ, घड्याळ पाहा. तोंडात चमचा नाही, बोट नाही. कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांहून लांबली तर रुग्णवाहिका. हे चौघींना आणि मदतनीस बाईंनाही पाठ हवं.

डाउन सिंड्रोमच्या मुलीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी नको. मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात.

बालवाडी_रामबाग

खूप आभार. दोन शंका. हात धरणं कधी सोडायचं हे कसं ठरवायचं? आणि महिन्यातून एकदाच बाहेरच्या ताई येणार, मधल्या आठवड्यांत कोण पाहणार?

नवलखा

मधल्या आठवड्यांत तुम्हीच एकमेकींना. आठवड्यातून एक दहा मिनिटांचा व्हिडिओ, पालकांची लेखी परवानगी घेऊन, फोन कपाटावर टेकवून. दुपारी दोघी बसून पाहायचा, हातात ती भिंतीवरची यादी. पाहताना मुलीकडे नाही, शिक्षिकेकडे पाहायचं: सूचना किती वेळा दिली, पाचपर्यंत थांबली का. पहिल्यांदा सगळ्यांना आपलाच आवाज सहन होत नाही, दुसऱ्या आठवड्यात सवय होते.

हात सोडण्यासाठी नोंद ठेवा. रोज पाच संधी, पाच खुणा: ह म्हणजे हात धरून, ख म्हणजे खुणेने, स म्हणजे स्वतः. एका दिवसात पाचपैकी चार ख किंवा स, असं सलग तीन दिवस दिसलं की हाताऐवजी कोपर धरा, मग खांद्याला नुसता स्पर्श, मग काही नाही. आठ दिवस नुसते ह दिसले तर मुलगी "ऐकत नाही" असं नाही, तुकडा मोठा आहे. पुसणंसुद्धा दोनात मोडा. आणि नोंद तेव्हाच करा. संध्याकाळी आठवून भरलेल्या तक्त्यात सगळ्या मुली हुशार असतात.

तोपखाना_४५२

सरकारी बाजू थोडक्यात. आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची) तपासणी पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा येतात. खासगी बालवाडी त्यांच्या फेरीत नसते, त्यामुळे वाट पाहू नका. त्या साडेतीन वर्षांच्या मुलाला जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, थेट घेऊन जा. भोपाळच्या सीआरसीतही, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या प्रादेशिक केंद्रात, सर्व प्रकारच्या अपंगत्वांसाठी असं केंद्र आहे. जाताना कानगोष्ट यांनी सांगितलेली हाकांची नोंद आणि टीडीएससीचा भरलेला तक्ता न्या, तोंडी सांगण्यापेक्षा काम लवकर होतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अंगणवाडीसाठी दिव्यांग मुलांचा प्रोटोकॉल आला आहे: लक्षणं ओळखणं, मुलाला सामील करणं आणि घरच्यांना बळ देणं, पुढे पाठवणं. लिहिला अंगणवाडीसाठी असला तरी वयोगट तुमचाच आहे. चौघींनी एका शनिवारी बसून वाचण्याजोगा, आणि खर्च फक्त झेरॉक्सचा.