पिंपल्सवर घरगुती उपाय, नक्की काय लावू?

प्रश्न:
गेले चार महिने गालावर आणि हनुवटीवर पिंपल्स येतायत, लिंबू लावलं, टूथपेस्ट लावून झोपले, आता तिथं लाल होऊन आग होतेय. केमिकल नको वाटतं म्हणून नैसर्गिकच काहीतरी सांगा ना प्लीज.

उत्तर १:
अगं आधी लिंबू आणि टूथपेस्ट दोन्ही बंद कर! लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण २ असतो आणि आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास, म्हणजे तू चेहऱ्यावर चक्क ॲसिड लावतेयस, त्यात उन्हात गेलीस तर डाग पडतात ते वेगळंच. आग थांबेपर्यंत फक्त सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा आणि साधं मॉइश्चरायझर, बाकी काही नको.

उत्तर २:
मला टी ट्री ऑइलचा (एका झाडाच्या पानांचं तेल) फरक पडला, पण ५ टक्क्यांचं जेल हां, शुद्ध तेल थेट लावू नकोस, भाजल्यासारखं होतं. आधी कानामागे लावून दोन दिवस बघ. आणि फोडू नकोस गं, माझे खड्डे त्यामुळेच राहिलेत.

उत्तर ३:
कोरफडीने थंड वाटतं, पण बंद झालेली छिद्रं त्याने उघडत नाहीत. बेन्झॉईल पेरॉक्साईड (पिंपल्सचे जंतू मारणारं लावायचं औषध) २.५ टक्के पण चांगलं असतं, फक्त टॉवेल-उशीचे रंग उडतात. काहीही लाव, ६ ते ८ आठवडे दे. गाठी दुखत असतील किंवा पाळी अनियमित असेल तर मात्र थेट डॉक्टरांकडे जा.

प्रश्नकर्ती:
पाळी खरंच पुढेमागे होतेय. उद्याच अपॉइंटमेंट घेते.