मदत हवी आहे : थीम पार्कच्या धावपळीत लहान मुलांना दुपारची विश्रांती कशी द्यावी?

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जळगावहून रात्रीच्या रेल्वेने निघून खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला जाणार आहोत; सोबत तीन वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची पुतणी आहे. या वयात दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते, आणि आदली रात्र तर गाडीत अर्धवट झोपेतच जाईल. मुलगा पेंगुळला की कान ओढू लागतो; तेव्हा निजवला नाही, तर संध्याकाळपर्यंत कोणाचेच ऐकत नाही. बाबागाडी कापडाने झाकली की आत उकाडा वाढतो, म्हणून ते मला नको आहे. जेवणानंतर त्याला निवांत निजवता येईल अशी शांत, सावलीची जागा आत कुठे मिळते, की जवळच मुक्कामाची खोली घेणेच बरे? अनुभवी पालकांनी कृपया सविस्तर सांगावे.